घरगुती यंत्रशाळा आणि आपली शाळा

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेसाठी मला जो विषय सुचविण्यात आला तो 'हस्तव्यवसाय आणि पाठ्यविषय यांचा समवाय' असा आहे. हा विषय आपणांस नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि उद्योगाच्या द्वारा शिक्षण ही कल्पना देशापुढे मांडली गेली. तेव्हापासून आपण सर्वांनी समवायावर टिपणे काढली आहेत, परीक्षेत उत्तरे लिहिली आहेत, आणि मी तर त्यावर प्रशिक्षणवर्गात व्याख्यानेही दिली आहेत. परंतु मला प्रामाणिकपणे सांगावयास हवे की, ही व्याख्याने देताना माझ्या हाताला खडू आणि लेखणी यांवाचून दुसरे कोणतेही हत्यार माहीत नव्हते. पन्नाशी उलटल्यावर ती उणीव भरून काढण्याची संधी मला मिळाली. त्या अनुभवाविषयी आज चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

मी राहतो त्या गावात एक निवृत्त टर्नर आहेत. आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केल्यानंतर त्यांनी घरामागील पत्र्याच्या पडवीत एक जुना, साडेचार फूट बेडचा लेथ आणून बसविला आहे. त्याच्या जोडीस एक भोके पाडण्याचे यंत्र, एक सहाणेचे यंत्र, भक्कम लाकडी मेजावर बसविलेला व्हाइस, आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या कानशी, पाने, गुण्ये व कॅलिपर, एवढीच त्यांची यंत्रशाळा. गावातील पंपांचे, गिरण्यांचे आणि उसाच्या चरकांचे झिजलेले भाग ते तेथे दुरुस्त करून देतात. मी त्यांस 'मिस्त्री' म्हणतो आणि ते मला 'गुरुजी' म्हणतात. गेली तीन वर्षे रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे शिकावयास जातो.

पहिल्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने लेथपुढे जाऊन उभा राहिलो. मिस्त्रींनी मला तेथून हलविले आणि व्हाइसमध्ये धरलेला लोखंडाचा एक चौकोनी तुकडा व एक कानस माझ्या हाती दिली. "याची एक बाजू सपाट करा," एवढेच ते म्हणाले. मला वाटले, तासाभराचे काम असेल. ते काम पाच रविवार चालले. कानस पुढे जातानाच कापते. मागे येताना दाब सोडावयाचा असतो. व्हाइस कोपराच्या उंचीचा असावा लागतो. दोन्ही हातांचा दाब सतत बदलत ठेवावा लागतो, नाहीतर कानस झोपाळ्यासारखी हलते आणि तुकड्याचा मध्य उंच राहून कडा खाली जातात. मी घासलेल्या बाजूवर मिस्त्री गुण्या ठेवीत आणि तुकडा उजेडाकडे धरीत. गुण्याखालून उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत व्हाइसमध्ये जाई. ते रागावत नसत, कौतुकही करीत नसत. उजेड कोठे दिसतो ते मला पाहावयास लावीत, एवढेच.

तिसऱ्या रविवारी माझे खांदे दुखू लागले आणि मनात आले की, हे आपल्याच्याने होणार नाही. ही भावना मला चाळीस वर्षांत झाली नव्हती. वाचणे, लिहिणे, बोलणे, हिशेब करणे ही माझी रोजची कामे. त्यांत मी कधी अडखळत नाही. येथे मात्र समोरच्या माणसाला जे सहज येते ते मला का येत नाही, हेच मला कळेना. बंधुभगिनींनो, आपल्या पहिलीच्या वर्गात 'क' काढताना ज्या मुलाचा हात वळत नाही, त्याची अवस्था काय असते, हे मी त्या दिवशी पुस्तकातून नव्हे तर खांद्यातून शिकलो. प्रत्येक शिक्षकाने पाच-सहा वर्षांतून एकदा तरी आपणांस मुळीच न येणारी एखादी गोष्ट शिकावयास घ्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

कानसकामानंतर मापन आले. आपण शाळेत मोजपट्टीने मिलिमीटरपर्यंत मोजतो. यंत्रशाळेत मिलिमीटर हे फार ढोबळ माप ठरते. व्हर्निअर कॅलिपरने मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ मिलिमीटर वाचता येतो. मायक्रोमीटरने शंभरावा भाग. मायक्रोमीटरची रचना मोठी बोधप्रद आहे. त्यातील स्क्रूचा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर पुढे सरकणे. त्याच्या फिरत्या नळीवर पन्नास सारखे भाग केलेले असतात. म्हणून नळी एक भाग फिरली की टोक ०.५ भागिले ५०, म्हणजे ०.०१ मिलिमीटर सरकते. दशांश अपूर्णांकांचा भागाकार हाताच्या बोटांना कळावा अशी याहून सोपी वस्तू मला ठाऊक नाही. डोक्याचा एक केस मायक्रोमीटरमध्ये धरून मुलांना मापावयास सांगा. दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थानाला काय अर्थ आहे, हे त्यांना पुन्हा सांगावे लागणार नाही. मिस्त्री स्वतः मात्र बोलताना अजून 'सूत' हे जुने माप वापरतात. आठ सूत म्हणजे एक इंच. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. गावातील सुतार आणि लोहार यांच्या तोंडी हे माप आजही आहे. एककांच्या रूपांतराची उदाहरणे पुस्तकाबाहेर शोधावयाची झाल्यास ती अशी दारातच उभी असतात.

त्यानंतर लेथ. लेथचे तत्त्व कुंभाराच्या चाकाला किंवा लाकडी खेळणी करणाऱ्या कातारी माणसाच्या चरकाला जवळचे आहे. कापावयाची वस्तू फिरते आणि हत्यार स्थिर राहून तिला कापते. सावंतवाडीची लाखकाम केलेली खेळणी आपण पाहिली असतील. त्यांतील गोल वस्तू अशाच कातून काढलेल्या असतात. फरक एवढा की, लाकडावर हत्यार हाताने धरता येते. लोखंडासाठी ते टूलपोस्टमध्ये घट्ट आवळून स्क्रूच्या साह्याने सरकवावे लागते. वस्तू किती वेगाने फिरवावयाची याचाही हिशेब आहे. साध्या पोलादी गजाचा पृष्ठभाग हत्यारासमोरून मिनिटास सुमारे २५ मीटर या वेगाने जावा, असा हायस्पीड पोलादाच्या हत्याराचा साधारण नियम धरतात. गज २५ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचा परीघ ३.१४ गुणिले २५, म्हणजे ७८.५ मिलिमीटर. २५ मीटर म्हणजे २५,००० मिलिमीटर, त्यास ७८.५ ने भागले असता मिनिटास सुमारे ३१८ फेरे येतात. गज दुप्पट जाड असेल तर फेरे निम्मे. वर्तुळाचा परीघ, एककांचे रूपांतर आणि व्यस्त प्रमाण, ही तिन्ही प्रकरणे या एका हिशेबात एकत्र येतात, आणि हिशेब चुकला तर हत्याराची धार जळते. आपल्या वहीत चुकलेल्या हिशेबाखाली तांबडी रेघ पडते; येथे निळसर धूर निघतो.

माझी पहिली मोठी चूक अशाच एका पाठात झाली. एका जुन्या पंपासाठी बूश करावयाचा होता. बाहेरचा व्यास २०.५ वरून २० मिलिमीटरवर आणावयाचा होता. मी अर्धा मिलिमीटर हत्यार आत सरकविले आणि काप घेतला. मापून पाहतो तो व्यास १९.५! वस्तू फिरत असल्यामुळे हत्यार एका बाजूने जितके आत जाते, तितकाच धातू समोरच्या बाजूनेही जातो. व्यास दुपटीने कमी होतो. व्यास म्हणजे त्रिज्येची दुप्पट, हे वाक्य मी हजार वेळा फळ्यावर लिहिले असेल. ते मला त्या दिवशी प्रथम समजले. मिस्त्रींनी बूश हातात घेऊन पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, काढलेले लोखंड परत चिकटविता येत नाही. म्हणून शेवटचा काप घेण्यापूर्वी दोनदा मोजावे."

दुसऱ्या एका चुकीने मला अधिक महत्त्वाची गोष्ट शिकविली. गजाचे टोक सपाट करताना हत्यार बाहेरच्या कडेकडून मध्याकडे न्यावयाचे असते. माझ्या प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी तांदळाच्या कणीएवढा कोंब उरत असे. मी तो कानशीने घासून टाकू लागलो. मिस्त्रींनी हात धरला. "घासू नका, वाचा," ते म्हणाले. हत्याराचे टोक गजाच्या मध्यबिंदूच्या बरोबर उंचीवर असले तर कोंब राहत नाही. ते खाली असले किंवा वर असले तर कोंब राहतो, आणि त्या कोंबाची ठेवण पाहून हत्यार वर आहे की खाली, हे जाणत्यास सांगता येते. पुढे एकदा माझा शंभर मिलिमीटर लांबीचा गज एका टोकास आठ शतांश मिलिमीटर जाड भरला. मला वाटले, माझा हात हलला. मिस्त्री म्हणाले, हात हलला असता तर चूक वेडीवाकडी आली असती. ही चूक सरळ उतार धरून आली आहे, म्हणजे कारण यंत्रात आहे. पाहतो तो टेलस्टॉक मध्यरेषेपासून किंचित सरकलेला होता.

हे ऐकताना मला आपल्या वर्गांतील वह्या आठवल्या. दुसरी-तिसरीतील मूल ५२ मधून २७ वजा करून उत्तर ३५ लिहिते. आपण चूक अशी खूण करतो आणि पुढे जातो. परंतु ते ३५ कोठून आले? पाचांतून दोन गेले, तीन राहिले. दोनातून सात जात नाहीत म्हणून मुलाने सातांतून दोन काढले, पाच राहिले. हे मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत आहे. ते अजाण नाही, निष्काळजीही नाही. त्याचा एक नियम आहे आणि तो तेवढा चुकीचा आहे. त्याच्या वहीतील दहाही उदाहरणे याच रीतीने चुकलेली आढळतील. हाच तो मध्यभागी उरलेला कोंब होय. तो घासून टाकला, म्हणजे बरोबर उत्तर फळ्यावरून उतरवून घेतले, की वही स्वच्छ दिसते आणि हत्यार मात्र तसेच चुकीच्या उंचीवर राहते. तेव्हा तपासणीच्या वेळी बरोबर किती आणि चूक किती हे मोजण्यापूर्वी, चुका एकाच रीतीच्या आहेत काय, हे आपण पाहावे. एकाच रीतीच्या असतील तर त्यांचे कारण शोधावे. आणि ते कारण पुष्कळदा आपल्याच शिकविण्यात सापडते, हेही मान्य करण्याची तयारी ठेवावी.

स्वतंत्रपणे केलेली माझी पहिली वस्तू म्हणजे पितळेचा भोवरा. तो दिसावयास सुरेख झाला, परंतु फिरविला की डगमगे. कारण असे की, एक बाजू कातून झाल्यावर मी तो चकमधून काढून उलटा धरला होता. तीन जबड्यांच्या चकमधून काढलेली वस्तू परत धरली असता ती अगदी त्याच मध्यावर बसत नाही. म्हणून ज्या भागांचा मध्य एक असावयास पाहिजे ते भाग एकाच धरणीत पुरे करावे लागतात. मी तो भोवरा एका शाळेत नेला. पाचवीच्या मुलांनी त्यांच्या बाजारी लाकडी भोवऱ्यांनी माझ्या भोवऱ्याचा सपशेल पराभव केला. पण त्यांपैकी एका मुलीने माझा भोवरा हातात फिरवून विचारले, "याची आर मधोमध नाही का?" परीक्षकांनी दिलेल्या शेऱ्यांमध्ये इतका अचूक शेरा मला क्वचितच मिळाला असेल.

भोवऱ्यावरून एक इतिहास सांगतो. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी १८०८ साली जेम्स नॅस्मिथ जन्मला. त्याचे वडील निसर्गचित्रकार होते. परंतु त्यांना यंत्रकामाची आवड असून घरातच त्यांची कार्यशाळा होती आणि तीत पायाने चालविण्याचा लेथ होता. शाळकरी जेम्स त्या लेथवर आपल्या सोबत्यांसाठी भोवरे कातून देत असे. पुढे तो वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती करू लागला, आणि निजावयाच्या खोलीतच त्याने पितळ ओतण्याची सोय केली. १८२९ साली आपण केलेली प्रतिकृती व रेखाटने घेऊन तो लंडनला हेन्री मॉड्स्ले यांच्याकडे गेला. मॉड्स्ले यांनी ती पाहून त्यास आपला साहाय्यक म्हणून ठेवून घेतले. हाच मुलगा पुढे वाफेच्या घणाचा कल्पक म्हणून प्रसिद्धीस आला. त्या घणाचे रेखाटन १८३९ सालचे आहे.

मॉड्स्ले (१७७१–१८३१) यांचे स्वतःचे चरित्रही आपल्या विचारास योग्य आहे. ते बाराव्या वर्षी शस्त्रागारात काडतुसे भरण्याच्या कामास लागले, नंतर सुतारशाळेत आणि तेथून लोहारशाळेत गेले. इसवी सन १८०० च्या सुमारास त्यांनी आटे पाडण्याचा लेथ सिद्ध केला. त्यात एक लांब अचूक स्क्रू हत्यारास पुढे नेतो आणि दातेरी चाकांच्या जोड्या बदलून हव्या त्या अंतराचे आटे पाडता येतात. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांची एकसारखी प्रमाणे सुचविली. त्यापूर्वी एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टास बसेलच, असा भरवसा नसे.

हे काम आज मिस्त्रींच्या पडवीत कसे चालते ते पाहा. त्यांच्या लेथच्या मुख्य स्क्रूचे अंतर ६ मिलिमीटर आहे. दहा मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या बोल्टास दीड मिलिमीटर अंतराचे आटे लागतात. ६ च्या मानाने १.५ म्हणजे चौथा हिस्सा. तेव्हा वस्तूचे चार फेरे होतात तेव्हा मुख्य स्क्रूचा एक फेरा व्हावयास पाहिजे. म्हणून चालविणारे चाक २० दात्यांचे आणि चालणारे ८० दात्यांचे लावावयाचे. गुणोत्तर आणि प्रमाण या प्रकरणाचा उपयोग काय, असे सहावीतील एखाद्या मुलाने विचारले तर त्यास उत्तर म्हणून आपल्या शाळेच्या बाकाचा एक बोल्ट दाखवावा.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरणही आपणांस माहीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंगांच्या दृष्टिदोषामुळे त्यांना चित्रकला सोडावी लागली. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. नोकरी सोडल्यावर बेळगावच्या सायकलींच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत आणि १९१० साली किर्लोस्करवाडीपर्यंत त्यांचा प्रवास झाला. ते मूळचे आपल्याच पेशातील, म्हणजे शिक्षक होते, याचा आपणांस अभिमान वाटावा. आणि हातात हत्यार धरावयास ते लाजले नाहीत, याचे आपण अनुकरण करावे.

आता जे सांगावयाचे आहे ते मला सांगणे जड जाते. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका गावी चौथीचा वर्ग शिकवीत होतो. वर्गात लोहाराचा एक मुलगा होता. पेरणीपूर्वी गावचे फाळ आणि कुळवाच्या पासा शेवटून घेण्याचे दिवस आले की तो उशिरा येई, कारण घरी भाता ओढावयास दुसरे कोणी नसे. एके दिवशी फळ्यावर त्यास भागाकार करावयास सांगितला. तो अडला. मी म्हणालो, "तुला जन्मभर भाताच ओढावयाचा आहे, तर येथे कशास येतोस?" वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून मुलगा आला नाही. आठवड्याने मी त्याच्या घरी गेलो. वडील ऐरणीशी होते. ते नम्रपणे म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच तसे म्हणालात म्हणे." माझ्याच्याने उत्तर देववले नाही. मी तेथे उभा असताना वडिलांनी मुलास एक गज दिला आणि बारा सारखे तुकडे हवेत म्हणून सांगितले. मुलाने सुताच्या पट्टीने गज मोजला, क्षणभर ओठांत पुटपुटला आणि छिन्नीने एकामागून एक खुणा केल्या. शेवटची खूण बरोबर बसली. तो भागाकारच होता. मी तो डोळ्यांनी पाहिला आणि मला तो दिसला नाही. पुढे माझी बदली झाली. तो मुलगा शाळेत परत आला नाही.

मिस्त्रींच्या हाताखाली माझा बूश बिघडला त्या दिवशी हा प्रसंग मला आठवला. मी पाच रविवार एक तुकडा घासीत होतो, तरी त्या गृहस्थांनी 'तुम्हांला लेखणीच धरावयाची आहे, येथे कशास येता' असे मला म्हटले नाही. म्हटले असते तर मीही परत गेलो नसतो. काढलेले लोखंड चिकटविता येत नाही, तद्वत् वर्गापुढे उच्चारलेला शब्दही परत घेता येत नाही. आणि मी तर तो परत घेण्याचा प्रयत्नही केला नाही. माझे हे उणे आपणांपुढे मांडण्याचा हेतू एवढाच की, आपल्यापैकी तरुण शिक्षकांनी तरी ते शब्द उच्चारण्यापूर्वी दोनदा मोजावे.

यावरून कोणी असा अर्थ घेऊ नये की, लोहाराच्या मुलाने लोहारकामच करावे. तसे म्हणणे हाही अन्यायच आहे. कारागिराच्या मुलाला भागाकाराची लेखी रीत, वाचन आणि पुढील शिक्षण मिळालेच पाहिजे. आणि ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या हत्यार नव्हते त्या मुलांच्या हातीही कानस आली पाहिजे. मुलींच्याही. त्यांचे केस घट्ट बांधून आणि ओढणी काढून ठेवून काम करण्याची शिस्त लावावी. कपड्यांची सबब सांगून त्यांना दाराशी उभे करू नये.

आपल्या शाळेत लेथ नाही, आणि प्राथमिक शाळेत तो असण्याची आवश्यकताही नाही. मग काय करता येईल? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून ते स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात घालवावे, असे सुचविले आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला आणि ग्रामीण शाळांतील मुलांनी प्रत्यक्ष काम करीत तंत्र शिकावे, असा अभ्यासक्रम घडविला. ही वाट नवी नाही व अशक्यही नाही. माझ्या सूचना थोड्याच आहेत.

पहिली सूचना अशी की, मुलांना गावातील लोहार, सुतार, वेल्डर किंवा टर्नर यांच्याकडे न्यावे. नेण्यापूर्वी शिक्षकाने एकट्याने दोन वेळा जाऊन यावे, आणि त्या कारागिरास वर्गात 'पाहुणे शिक्षक' म्हणून मानाने बोलवावे.

दुसरी सूचना, भेटीचा निबंध लिहून घेण्यापूर्वी मापे घ्यावी. प्रत्येक गटाने एका वस्तूचे चित्र काढून त्यावर लांबी, रुंदी व व्यास लिहावे. मग त्या चित्रावरून ती वस्तू दुसऱ्यास करता येईल काय, हे कारागिरासच विचारावे. चित्रातील कोणते माप राहिले, हे तो क्षणात सांगेल.

तिसरी सूचना, शाळेत दोन कानशी, एक गुण्या, एक व्हर्निअर कॅलिपर आणि एक लहान व्हाइस असावा. मोठ्या मुलांनी लोखंडी पट्टीचा एक तुकडा घासून काटकोनात आणावा. त्यास महिना लागला तरी चालेल. उजेडाची रेघ दिसेनाशी झाली की काम पुरे झाले, हे मुलालाच कळते. त्यासाठी गुरुजींच्या शेऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

चौथी सूचना सुरक्षिततेची आहे आणि तीत सवलत नाही. चालत्या यंत्रापासून मुले आखलेल्या रेषेमागे उभी राहावी. जवळून पाहावयाचे ते यंत्र बंद करून व वीज तोडून पाहावे. डोळ्यांना चष्मा असावा. फिरत्या यंत्रापाशी सैल बाह्या, अंगठी, कडे, गळ्यातील दोरा आणि हातमोजेसुद्धा घालू नयेत. हातमोजा यंत्रात अडकला की हातास घेऊन जातो. लोखंडाचा कीस हाताने ओढू नये. तो सुरीसारखा कापतो. चक आवळण्याची किल्ली चकमध्ये क्षणभरही विसरू नये. मिस्त्रींचा नियम असा की, किल्ली हातातून सुटावयाची ती तिच्या खुंटीवरच. एकदा मी ती चकमध्ये ठेवून कळीकडे हात नेला. त्यांनी माझे मनगट पकडले आणि त्या दिवसाचे काम तेथेच थांबविले. तीन वर्षांत ते माझ्यावर रागावले ते एवढ्या एकाच वेळी. वर्गातही असेच असावे. चुकीवर रागावू नये. जिच्यामुळे दुसऱ्यास इजा होईल अशा बेपर्वाईवर अवश्य रागवावे.

मी अजून कुशल टर्नर झालेलो नाही आणि बहुधा होणारही नाही. माझे हत्यार सहाणेवर अजून मिस्त्रींनाच धार लावून द्यावे लागते. मात्र गेल्या पावसाळ्यात मी दुसरा भोवरा केला, सगळा एकाच धरणीत. तो त्याच शाळेत नेला आणि त्याच मुलीच्या हाती दिला. तिने तो फिरविला, वाकून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "आता बरा आहे. पण आर अजून थोडी टोकदार पाहिजे."

पुढच्या रविवारी ते काम करावयाचे आहे.